बटाट्याच्या शेतात सतरा हजार घरं

दुसरं महायुद्ध संपलं आणि शिकागो शहराने आपल्या अडीचशे जुन्या ट्राम विकायला काढल्या. भंगारात नव्हे, राहण्यासाठी. ओमाहामधल्या एका वर्तमानपत्रात सात फूट बाय सतरा फुटांची बर्फपेटी विकायची जाहिरात आली. थोडी डागडुजी केली तर आत राहता येईल, असं तिच्यात म्हटलं होतं. नॉर्थ डकोटात धान्याच्या कणग्यांना दारं-खिडक्या पाडून त्यात संसार मांडले गेले. न्यूयॉर्कमधलं एक नवविवाहित जोडपं दोन दिवस एका मोठ्या दुकानाच्या शोकेसमध्ये मुक्कामाला होतं. लोकांनी पाहावं आणि कुणीतरी जागा द्यावी, एवढीच त्यांची अपेक्षा. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये अर्धगोल पत्र्याच्या ७५० लष्करी बराकी उभ्या राहिल्या. प्रत्येकीत मधोमध पार्टिशन, दोन बाजूंना दोन कुटुंबं, अशी तिथे दीड हजार बिऱ्हाडं राहत होती.

हे सगळं जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात चाललं होतं. १९२९ च्या मंदीनंतर अमेरिकेत घरबांधणी जवळजवळ थांबली होती. ती सावरते न सावरते तोच युद्ध आलं आणि लाकूड, तांबं, पोलाद, खिळे सगळं लष्कराकडे वळलं. म्हणजे सोळा वर्षांचा अनुशेष. त्यात युद्धावर गेलेले लाखो तरुण एकदम परतले. त्यांनी लग्नं केली, त्यांना मुलं झाली, आणि बहुतेकांना आई-वडिलांच्या किंवा सासू-सासऱ्यांच्या घरातली एखादी खोली अडवून बसावं लागलं.

१९४४ मध्ये अमेरिकेत एका कुटुंबासाठीची स्वतंत्र घरं बांधायला घेतली गेली ती १ लाख १४ हजार. १९५० मध्ये हाच आकडा १६ लाख ९२ हजारांवर गेला. सहा वर्षांत जवळजवळ पंधरापट. या झेपेचं श्रेय बहुधा अमेरिकी उद्यमशीलतेला, यंत्रांना, कारखानदारी पद्धतीला दिलं जातं. त्यात खोटं काही नाही. पण माझ्या मते पहिला मान कर्जाच्या कागदाला द्यायला हवा. या काळातलं उपनगरी घर आधी त्या कागदावर बांधलं गेलं आणि मग जमिनीवर. ते किती मोठं असेल, कुठे असेल, कसं दिसेल आणि त्यात कोण राहील, हेही बरंचसं त्या कागदानेच ठरवलं.

१९२० च्या दशकात अमेरिकेत घर घ्यायचं तर किमतीच्या निम्मी रक्कम हातात लागायची. उरलेल्या रकमेसाठी कर्ज मिळायचं, तेही तीन ते पाच वर्षांचं. तेवढ्या काळात कर्जदार मुख्यतः व्याजच भरायचा; मुद्दल जागचं हलत नसे. मुदत संपली की एकरकमी फेड करा, नाही तर नवं कर्ज काढून जुनं फेडा. दिवस बरे होते तोवर नवं कर्ज मिळत राहिलं. मंदीत बँकाच बुडायला लागल्या, मग नवं कर्ज देणार कोण? १९३३ मध्ये देशात रोज सुमारे हजार घरांवर जप्ती येत होती. त्यांतली कितीतरी माणसं नियमित व्याज भरणारी होती. त्यांची मुदत चुकीच्या वर्षी संपली, एवढाच त्यांचा गुन्हा.

यातून १९३४ मध्ये फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन नावाचं सरकारी खातं जन्माला आलं. पुढे त्याला सगळे एफएचए म्हणू लागले. हे खातं स्वतः कर्ज देत नव्हतं. बँकेने दिलेलं कर्ज बुडालं तर भरपाई आम्ही देऊ, एवढीच त्याची हमी. तेवढ्यावर बँका वीस-पंचवीस वर्षांसाठी पैसे द्यायला तयार झाल्या, कारण त्यांची जोखीम आता सरकारच्या गळ्यात होती. महिन्याचा हप्ता ठरलेला. त्यात थोडं व्याज, थोडं मुद्दल. मुदत संपेल त्या दिवशी कर्जही संपलेलं. आज आपल्याला ही पद्धत इतकी अंगवळणी पडली आहे की ती कुणीतरी घडवली, हेही लक्षात येत नाही.

मग २२ जून १९४४ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी माजी सैनिकांसाठीच्या कायद्यावर सही केली. ‘जीआय बिल’ या नावाने तो ओळखला जातो. कॉलेजच्या फीपासून बेकारी भत्त्यापर्यंत त्यात बरंच काही होतं, पण घरबांधणीच्या दृष्टीने महत्त्वाचं कलम कर्जाच्या हमीचं. सैन्यातून परतलेल्या माणसाला खिशातून एक डॉलरही न घालता घर घेता येऊ लागलं.

हिशेब करून पाहू. १९४९ मध्ये एका नव्या घराची किंमत होती ७,९९० डॉलर. जुन्या पद्धतीने ते घ्यायचं तर आधी चार हजार डॉलर साठवायला हवे होते, आणि त्या वर्षी अमेरिकेतल्या मधल्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न सुमारे ३,१०० डॉलर होतं. खाऊन-पिऊन चार हजार शिल्लक पडेपर्यंत मुलं शाळेतून बाहेर पडली असती. नव्या पद्धतीत पूर्ण रक्कम चार टक्क्यांनी पंचवीस वर्षांसाठी घेतली तर मुद्दल-व्याजाचा हप्ता महिना ४२ डॉलरच्या आसपास येतो. कर आणि विमा धरला तरी साठच्या आत. त्या काळी भाड्याच्या घराला एवढे पैसे सहज जात. म्हणजे भाडेकरू राहणंच महाग पडू लागलं.

आता या ७,९९० डॉलरच्या घराकडे वळायला हवं. पण त्याआधी त्याचा एक चमकदार प्रतिस्पर्धी पाहणं बरं, कारण तो का हरला यातही बरंच काही आहे.

कार्ल स्ट्रँडलंड नावाचा स्वीडनमध्ये जन्मलेला इंजिनिअर पेट्रोल पंपांसाठी मुलामा दिलेले पोलादी पत्रे बनवणाऱ्या कंपनीत होता. युद्धानंतर पोलादावर सरकारी नियंत्रण होतं. पंपांसाठी पोलाद मिळेना, तेव्हा त्याने घरांचा प्रस्ताव मांडला. भिंती, छप्पर, छत, कपाटं सगळं पोलादाचं आणि त्यावर चिनीमातीसारखा चकचकीत मुलामा. रंग द्यायला नको, वाळवीची भीती नाही, घर पाइपच्या पाण्याने धुवावं. भिंतीवर चित्र लावायचं तर खिळ्याऐवजी लोहचुंबक. लस्ट्रॉन हे त्या घराचं नाव. सरकारी वित्तसंस्थेने ३ कोटी ७० लाख डॉलरच्या वर कर्ज दिलं आणि ओहायोतल्या कोलंबसमध्ये विमानांच्या कारखान्याच्या जागी घरांचा कारखाना सुरू झाला. घराचे तीन हजारांवर सुटे भाग एका लांबलचक ट्रेलरवर रचून थेट प्लॉटवर पाठवले जात. रोज शंभर घरांचा बेत होता. प्रत्यक्षात १९४८ ते १९५० या काळात साधारण अडीच हजार घरं झाली आणि कंपनी बुडाली.

घर वाईट नव्हतं. त्यांतली बरीच आजही उभी आहेत आणि हौशी मालक ती जपतात. गोची पैशाच्या वाटेवर झाली. बांधकामासाठी बँक हप्त्याहप्त्याने पैसे सोडते: पाया झाला की इतके, सांगाडा उभा राहिला की इतके. लस्ट्रॉनचं अख्खं घर एकदम ट्रकवरून उतरायचं आणि त्याचे पैसे विक्रेत्याला त्याआधीच मोजावे लागायचे. प्लॉटवर काहीच नसताना बँक कर्ज कशावर देणार? शिवाय गावोगावचे बांधकाम नियम विटा-लाकडाच्या घरांसाठी लिहिलेले. पोलादी पेटी त्यात बसेना. विमानाच्या कारखान्यातून बाहेर पडलेलं घर असं कर्जाच्या फॉर्मवर अडकलं.

लेव्हिट कुटुंबाने उलटा रस्ता धरला. घर कारखान्यात नेण्याऐवजी त्यांनी शेताचाच कारखाना केला.

अब्राहम लेव्हिट हा ब्रुकलिनचा वकील. रशियातून आलेल्या ज्यू रब्बाईचा मुलगा. १९२९ मध्ये, म्हणजे बरोबर मंदीच्या तोंडावर, त्याने मुलांना बांधकामाच्या धंद्यात घातलं. मोठा विल्यम बोलघेवडा, जुगारी वृत्तीचा, विक्रीत तरबेज. धाकटा आल्फ्रेड चित्रं काढणारा. घरांचे आराखडे त्याचे. प्रसिद्ध वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर ग्रेट नेक इथे एक घर बांधत होता, तेव्हा आल्फ्रेड त्या जागेवर जाऊन काम न्याहाळत असे. काँक्रीटच्या लादीत गरम पाण्याच्या नळ्या घालून घर उबदार ठेवण्याची राइटची कल्पना पुढे लेव्हिटच्या हजारो घरांत उतरली. राइटसाहेबांना हे कितपत रुचलं असेल, कुणास ठाऊक.

तीसच्या दशकात लेव्हिट बंधू मॅनहॅसेटमध्ये सुखवस्तू लोकांसाठी टुमदार घरं बांधत होते. युद्धकाळात त्यांना व्हर्जिनियातल्या नॉरफोक इथे नौदलाच्या गोदी कामगारांसाठी सोळाशे घरं बांधायचं काम मिळालं. मुदत तुटपुंजी, दर ठरलेला. सुरुवातीला तोटाच तोटा. मग त्यांनी घर बांधण्याच्या कामाचे लहान लहान तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याला वेगळी टोळी नेमली. ही युक्ती गाठीशी बांधून विल्यम काही काळ नौदलाच्या बांधकाम दलात गेला. परतला तेव्हा त्याच्या डोक्यात आकडा होता हजारांचा.

न्यूयॉर्क शहरापासून पूर्वेला सुमारे पंचवीस मैलांवर, लाँग आयलंडवरच, हेम्पस्टेडचा मैदानी भाग आहे. सपाट, झाडं विरळ, बटाट्याची शेती. या शेतीला १९४१ मध्ये एका सूत्रकृमीने गाठलं. मुळांना लागणारा हा सूक्ष्म किडा एकदा जमिनीत शिरला की वर्षानुवर्षं निघत नाही. शेतकरी हवालदिल झाले होते आणि जमीन विकायला राजी होते. लेव्हिट कंपनीने आयलंड ट्रीज नावाच्या वस्तीभोवतीची जमीन पटापट उचलली. पुढे या गावाला कंपनीने आपलंच नाव दिलं: लेव्हिटटाउन.

७ मे १९४७ रोजी कंपनीने दोन हजार भाड्याच्या घरांची घोषणा केली, फक्त माजी सैनिकांसाठी. दोन दिवसांत निम्मी घरं लागली. अजून एक खिळाही ठोकलेला नव्हता. ठोकायला परवानगीही नव्हती, कारण हेम्पस्टेडच्या नियमानुसार प्रत्येक घराला तळघर असणं सक्तीचं होतं. तळघर म्हणजे खोदकाम, भिंती, वेळ आणि पैसा. लेव्हिटचं सगळं गणित जमिनीवर थेट ओतलेल्या काँक्रीटच्या लादीवर उभं होतं. नगरपालिकेच्या सुनावणीला शेकडो माजी सैनिक बायका-मुलांसह हजर झाले. ‘न्यूजडे’ या स्थानिक दैनिकाने आधीच बाजू लावून धरली होती. नियम बदलला.

एक घर म्हणजे सत्तावीस टप्पे. ट्रक रस्त्याने जात जात दर साठ फुटांवर सामानाचा सारखाच ढीग टाकत जायचा, कारण प्रत्येक प्लॉटची रुंदी साठ फूट. वासे आधीच मापात कापलेले, नळांचे जोड आधीच जुळवलेले. मोटारीच्या कारखान्यात गाडी पट्ट्यावरून सरकते आणि कामगार जागेवर उभा असतो. इथे घर जागेवर आणि टोळ्या पुढे सरकत होत्या. लादीवाले गेले की सांगाड्याचे सुतार, मग छप्पर शाकारणारे, मग नळवाले, वीजवाले. रंगाऱ्यांमध्येही एका रंगाची टोळी वेगळी, दुसऱ्या रंगाची वेगळी. एका माणसाचं दिवसभराचं काम एवढंच, की कपडे धुण्याचं यंत्र जमिनीला बोल्टने घट्ट करायचं आणि शेजारच्या घरात जायचं. १९४८ च्या जुलैमध्ये आठवड्याला १८० घरं पूर्ण होत होती. कामाचे दिवस पाच धरले तर रोज छत्तीस.

या वेगात एका मामुली वस्तूचा वाटा मोठा आहे. पूर्वी भिंतींना आतून लाकडी पट्ट्या ठोकून त्यावर ओला गिलावा चढवायचा, तो वाळायला दिवसेंदिवस थांबायचं, मग दुसरा थर. कसबी गवंडी हवा आणि हवामानाची मेहेरबानी हवी. त्याऐवजी जिप्सम बोर्डाचे मोठे तावच्या ताव सरळ सांगाड्यावर ठोकले, सांधे बुजवले, की भिंत तयार. रंगारी दुसऱ्या दिवशी आत. कुठल्याही स्मारकावर जिप्सम बोर्डाचं नाव नाही, पण युद्धोत्तर अमेरिका त्याच्या भिंतींत राहिली.

कामगार संघटनेबाहेरचे होते. मजुरी दिवसावर नव्हे, कामावर. जेवढी घरं तेवढे पैसे. बांधकाम संघटनांनी निदर्शनं केली, काही उपयोग झाला नाही. लाकडाच्या दलालांचा जाच नको म्हणून कंपनीने कॅलिफोर्नियात लाकूड गिरणी घेतली, खिळे स्वतः बनवायला सुरुवात केली, आणि शेगड्या-फ्रिज आपल्याच उपकंपनीमार्फत थेट उत्पादकांकडून उचलले. एका घरामागे नफा सुमारे हजार डॉलर. तो हजारोंनी गुणला की लक्षात येतं, विल्यम लेव्हिट १९५० च्या जुलैमध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर का आला. आणि या सगळ्या खटाटोपामागे तोच कागद होता. घरं बांधण्याआधीच एफएचएने त्यांच्या कर्जांना हमी देऊ केली होती. त्या आश्वासनावर बँकांनी लेव्हिटला खेळतं भांडवल दिलं. इतकी मोठी जोखीम घेणारा धाडसी उद्योजक म्हणून त्याचं कौतुक झालं. जोखीम मुख्यतः सरकारची होती.

घर कसं होतं? पंचवीस फूट बाय तीस, म्हणजे साडेसातशे चौरस फूट. दोन झोपायच्या खोल्या, बैठकीची खोली, स्वयंपाकघर, एक न्हाणीघर, आणि वर रिकामा पोटमाळा, जो मालकाने सवडीने पुरा करायचा. बाहेरून उतरत्या छपराचं, जुन्या न्यू इंग्लंडची आठवण करून देणारं. चार-पाच नमुने होते, पण फरक खिडक्यांच्या जागेचा आणि रंगाचा. शेगडी, फ्रिज आणि बेंडिक्स कंपनीचं धुलाई यंत्र घराच्या किमतीतच. भाडं महिना साठ डॉलर. पहिली तीनशे कुटुंबं १ ऑक्टोबर १९४७ ला राहायला आली तेव्हा झाडं नव्हती, हिरवळ नव्हती, चिखल मात्र भरपूर होता.

१९४९ मध्ये कंपनीने भाड्याचा नाद सोडला आणि नवा बुटका, पसरट नमुना थेट विक्रीला काढला. हेच ते ७,९९० डॉलरचं घर. मार्चमध्ये विक्री सुरू व्हायच्या आधी लोक थंडीत रात्र-रात्र रांगेत उभे होते. एका दिवसात चौदाशे करार झाले. पुढच्या वर्षीच्या नमुन्यात जिन्याखाली टीव्ही बसवून दिला होता. टीव्हीसुद्धा पंचवीस वर्षांच्या गृहकर्जात! असं विकायची बुद्धी विल्यमचीच. १९५१ पर्यंत एकूण १७,४४७ घरं झाली.

करारासोबत नियम आले. कुंपण घालायचं नाही. गवत आठवड्याला कापायचं, नाही कापलं तर कंपनी माणूस पाठवून कापेल आणि बिल तुमच्या नावावर. कपडे वाळत घालायचे ते छत्रीसारख्या फिरत्या दांडीवर, तेही शनिवार-रविवारी नाही. आपल्याकडच्या गृहनिर्माण संस्थेच्या सूचनाफलकाची सवय असलेल्याला यात नवल वाटणार नाही. म्हाताऱ्या अब्राहमला बागकामाचं वेड होतं. घरोघरी फळझाडं लावून देणं, स्थानिक पत्रात बागेविषयी सदर लिहिणं हा त्याचा उद्योग. विल्यम अधिक रोखठोक होता. ज्याच्याकडे स्वतःचं घर आणि जमीन आहे तो कम्युनिस्ट होऊच शकत नाही, त्याला घरच्या कामांतून फुरसतच नसते, असं तो म्हणायचा. शीतयुद्धाच्या अमेरिकेत हे वाक्य विटांइतकंच उपयोगी पडलं.

विद्वानांनी या घरांवर सडकून टीका केली. एकसारखी घरं, एकसारखी माणसं, सकाळी एकाच वेळी निघणाऱ्या एकसारख्या मोटारी. लुईस ममफर्डसारख्या शहरांच्या अभ्यासकाला त्यात उद्याची उजाड वस्ती दिसली. टीकेत तथ्य होतं. विशेषतः बायकांच्या बाबतीत: नवरा गाडी घेऊन गेला की दिवसभर त्या मुलांसह मैलोन्‌मैल घरांच्या मधोमध अडकलेल्या, ना जवळ आई, ना बहीण, ना बस. तरी या टीकेचा सूर मला खटकतो. न्यूयॉर्कच्या अंधाऱ्या खोल्यांत सासरच्यांसोबत राहिलेल्या माणसाला शेजारचं घर आपल्यासारखंच आहे याचं दुःख नव्हतं. समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट गॅन्स यांनी घरी बसून मत न बनवता १९५८ मध्ये न्यू जर्सीतल्या नव्या लेव्हिटटाउनमध्ये घर घेतलं आणि दोन वर्षं तिथे राहून पाहिलं. त्यांना आढळलं, की माणसं एकसारखी झालेली नाहीत, फारशी कंटाळलेलीही नाहीत; बहुतेकांना हवं होतं ते मिळालं आहे. १९६७ मध्ये त्यांचं पुस्तक आलं तेव्हा बऱ्याच टीकाकारांची पंचाईत झाली.

गॅन्स राहिले त्या गावात जायला मात्र प्रत्येकाला मुभा नव्हती. इथे पुन्हा त्या कागदाकडे यावं लागतं.

हमी देताना एफएचए दोन गोष्टी पाही: घर कसं आहे आणि वस्ती कशी आहे. कर्जांचं मूल्यमापन कसं करावं याची नियमावली तीसच्या दशकातच छापली गेली. तिच्यात लिहिलं होतं की वंशाने भिन्न लोक एकत्र आले तर घरांच्या किमती पडतात, आणि जमिनीच्या करारांत वंशाचं बंधन घालणं इष्ट. म्हणजे काळ्या माणसाच्या शेजारचं घर हे सरकारी कागदावर बुडीत कर्ज ठरलं. याचं सगळ्यात ढळढळीत उदाहरण डेट्रॉइटमध्ये अजून उभं आहे. १९४१ मध्ये तिथे एका बिल्डरला काळ्यांच्या वस्तीला लागून गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती, हमी मिळेना. त्याने दोन्ही वस्त्यांच्या मध्ये सहा फूट उंच आणि अर्धा मैल लांब काँक्रीटची भिंत घातली, आणि हमी मिळाली.

माजी सैनिकांच्या कायद्यात वंशाचा उल्लेख नव्हता. पण हमी सरकारची असली तरी कर्ज बँक देणार, आणि बँक काळ्या माणसाला दाराशीच अडवणार. मिसिसिपीतल्या तेरा शहरांत १९४७ साली माजी सैनिकांना सरकारी हमीवर ३,२२९ कर्जं दिली गेली. ‘एबनी’ मासिकाने पाहणी केली तेव्हा त्यांतली काळ्या सैनिकांना मिळालेली निघाली दोन.

लेव्हिटटाउनच्या भाडेकरारात पंचविसावं कलम होतं. गोऱ्या वंशाखेरीज कुणालाही या घरात राहू देणार नाही, असं त्यात भाडेकरूकडून लिहून घेतलं जाई. गोरे नसलेले नोकर ठेवायला मात्र हरकत नव्हती. जर्मनीत आणि पॅसिफिकमध्ये लढून आलेला काळा सैनिक इथे धुणीभांडी करू शकत होता, भाडं भरू शकत नव्हता. १९४८ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘शेली विरुद्ध क्रेमर’ खटल्यात असली बंधनं न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत असा निकाल दिला. कंपनीने कलम काढलं आणि धोरण तेच ठेवलं. विल्यम लेव्हिटचं म्हणणं असं, की आम्ही घरांचा प्रश्न सोडवू शकतो किंवा वंशाचा. दोन्ही एकदम नाही. तो स्वतः ज्यू. अनेक जुन्या गोऱ्या वस्त्यांचे करार त्याच्या लोकांनाही दार बंद करत आले होते, हे त्याला माहीत नसेल असं मानणं अवघड आहे. काळ्यांना घरं दिली तर गोरे येणार नाहीत, असा त्याचा व्यापारी हिशेब होता. गंमत अशी की हजारो गोऱ्यांना दुसरीकडे कुठे इतक्या स्वस्तात घर मिळणारच नव्हतं. हा हिशेब कधी तपासून पाहिला गेला नाही.

दुसरं लेव्हिटटाउन पेनसिल्व्हेनियात, पोलादाच्या नव्या कारखान्याजवळ १९५२ पासून उभं राहिलं. तिथली १७,३११ घरंही फक्त गोऱ्यांना विकली गेली. पण एकदा विकलेलं घर मालक पुढे कुणालाही विकू शकतो. १९५७ च्या ऑगस्टमध्ये विल्यम आणि डेझी मायर्स हे काळं जोडपं तीन लहान मुलांसह तिथे राहायला आलं. नवरा माजी सैनिक, बायको शिक्षिका. लेव्हिटने कल्पिलेलं आदर्श कुटुंब, रंग सोडून. रोज रात्री शेकड्यांनी लोक घरासमोर जमू लागले. दगडांनी खिडक्या फुटल्या, पोलिसही जखमी झाले, मागच्या रिकाम्या घरात विरोधकांनी अड्डा थाटून झेंडे लावले आणि रात्रभर मोठ्याने गाणी वाजवली. राज्यपालांना राज्य पोलीस पाठवावे लागले. शेजारचं ज्यू कुटुंब आणि क्वेकर पंथाची काही मंडळी रात्री मायर्स यांच्या घरी पहाऱ्याला बसत. काही महिन्यांनी न्यायालयाने दंगेखोरांना मनाई केली. मायर्स कुटुंब तिथून हललं नाही. चार वर्षांनी, नोकरीच्या निमित्ताने, आपल्या मर्जीने गेलं.

न्यू जर्सीत लेव्हिटने १९५८ मध्ये तिसरं गाव सुरू केलं तेव्हा पुन्हा जाहीर केलं: फक्त गोरे. आता मात्र ज्या सरकारी हमीवर धंदा उभा होता, तीच त्याच्या अंगावर आली. सरकारी मदतीने बांधलेल्या घरांत वंशभेद करता येणार नाही असा त्या राज्याचा कायदा होता. दोन काळ्या ग्राहकांनी तक्रार केली. एफएचएची हमी म्हणजे सरकारी मदतच, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये ठरवलं. लेव्हिटने काळ्यांनाही घरं विकायला सुरुवात केली. देशभरासाठी असा कायदा यायला मात्र १९६८ उजाडलं. त्याआधी तीन वर्षं, १९६५ मध्ये, आशियातून येणाऱ्यांसाठी अमेरिकेने दार उघडलं होतं. त्यामुळे सत्तरच्या दशकात न्यू जर्सीच्या आणि लाँग आयलंडच्या उपनगरांत घर शोधणाऱ्या मराठी इंजिनिअर-डॉक्टरांसमोर निदान कागदावर तरी पंचविसावं कलम नव्हतं.

आज लाँग आयलंडच्या लेव्हिटटाउनमध्ये मूळ रूपातलं घर शोधावं लागतं. लोकांनी पोटमाळे पुरे केले, मागे खोल्या काढल्या, छप्पर उचलून मजले चढवले, लादीतल्या तांब्याच्या नळ्या गळायला लागल्यावर त्या सोडून दुसरी व्यवस्था केली. एकसारखेपणावर छापलेली टीका इतकी जुनी झाली की तिचा विषयच उरला नाही. कंपनी १९६८ मध्ये आयटीटी या बड्या उद्योगसमूहाने सुमारे ९ कोटी २० लाख डॉलरच्या शेअर्सच्या बदल्यात घेतली. शेअर्स कोसळले, विल्यमचे पुढचे प्रकल्प फसले, आणि १९९४ मध्ये तो कर्जबाजारी होऊनच वारला.

घरांचे भाव मात्र चढत गेले. आठ हजारांत घेतलेलं घर आज वाढीव खोल्यांसह पाच लाख डॉलरच्या वर जातं. मधल्या काळात त्याच घराच्या तारणावर मुलांची कॉलेजं झाली, म्हातारपणाची सोय झाली, नातवंडांच्या पहिल्या घराला हातभार लागला. हा चढाव ज्यांना १९४७ मध्ये दारातून परत पाठवलं त्यांच्या वाट्याला आला नाही, आणि १९६८ च्या कायद्यानंतर त्यांना परवानगी मिळाली तेव्हा किंमत बरीच पुढे गेली होती. लाँग आयलंडच्या गावात आजही काळ्या रहिवाशांचं प्रमाण शंभरात एक-दोन आहे. न्यू जर्सीतल्या गावाने १९६३ मध्ये मतदान घेऊन लेव्हिटचं नाव टाकून दिलं आणि विलिंगबरो हे जुनं नाव परत घेतलं. तिथे आता बहुसंख्य रहिवासी काळे आहेत.